फाल्गुनातलं तळं

मला लांबचं दिसत नाही, हे माझ्या आईला माझ्याही आधी कळलं. मला आपलं वाटायचं की सगळ्या जगाला असंच दिसत असणार. हाताच्या अंतरावरचं लख्ख, अंगणापलीकडचं पुसट आणि शिवारात तर नुसते रंग. तांदळातला खडा घरात सगळ्यांच्या आधी मी वेचायची, दिवेलागणीलासुद्धा सुईत दोरा ओवायची, तेव्हा माझ्या डोळ्यांत खोट असेल अशी शंका कुणाला येणार? पण एकदा अंगणात शिरलेल्या शेजारच्या म्हशीला मी ओसरीवरून "या काका, बसा" म्हणाले आणि घरभर हशा पिकला. आई तेवढी हसली नाही. तिनं मला मागच्या दारात नेऊन उभं केलं आणि परसाच्या टोकाला बोट दाखवून विचारलं, "तिथं काय हाय?" मी डोळे बारीक करून बघायला लागले. आईनं झटकन माझ्या डोळ्यांवर हात ठेवला.

"आसं बारीक डोळे करून पुन्ना कुनाम्होरं बगू नको, माय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात माझ्या डोळ्यांवर पहारा बसला.

आम्ही बोरीचे. काळी जमीन, दाराशी बैल, खाऊनपिऊन बरं चाललेलं. मला सोळावं लागलं होतं आणि आमच्याकडं सोळा म्हणजे उशीरच. निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे अर्थात तेव्हा कुणाला ठाऊक? खांद्यावर बंदुका टाकून टोळ्या फिरत होत्या. कुठल्या गावात काय झालं त्याच्या बातम्या आठवडी बाजारातून यायच्या, आणि ज्यांच्या घरात लग्नाच्या मुली होत्या ते बाप त्या ऐकून ताटावरून अर्ध्यात उठायचे. माझे वडील त्यांतलेच. काहीही करून या फाल्गुनात मुलीचं जमवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पहिलं स्थळ मीच घालवलं. पाहुणे बैठकीत बसले होते आणि मला सांगितलं होतं, मुलाच्या वडिलांना, म्हणजे लाल पटक्यावाल्यांना, आधी नमस्कार कर. मी मान खाली घालून थेट लाल पटक्याकडं गेले आणि पाया पडले. तो त्यांचा गाडीवान होता, दाराजवळ पाणी पीत बसलेला. बिचारा पेला टाकून उठला. पाहुण्यांनी चहासुद्धा पुरता घेतला नाही. पंधरवड्यात चार गावांत झालं, बोरीच्या अमक्याची पोरगी आंधळी आहे.

मग सोनपेठकडून एक बिजवर चालून आला. लेकराबाळांचा बाप, वयानं माझ्या वडिलांपेक्षा थोडाच लहान. त्याला माझ्या डोळ्यांचं काही नव्हतं, घरात राबायला बाई पाहिजे होती, आणि हे त्यानं आमच्या ओसरीवर बसून सुपारी कातरत सरळ सांगितलं. वडिलांनी त्याला नाही म्हटलं नाही. "फाल्गुन संपायच्या आत कळवतो," म्हणाले. त्या रात्री मी आईला म्हणाले की मी विहिरीत जाईन. आईनं मला एक ठेवून दिली आणि मग माझ्याजवळ बसून स्वतःच रडली.

अशात चुडाव्याकडचं स्थळ आलं. ओलिताची शेती, मुलगा लिहितावाचता. मुलाच्या आईनं निरोप धाडला होता की आम्ही घरी येणार नाही, तुम्ही मुलीला घेऊन डोंगरावर या. देवीच्या पायाशी मुलगी बघू. हल्ली कुणाच्या दारात चार पाहुणे उतरले तरी चावडीवर विचारणा होते, दर्शनाला जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मला मात्र नाही. डोंगरावर माणूस कशाला जातो? लांबचं बघायलाच ना?

डोंगर म्हणजे जिंतूरच्या पुढचा. त्याला नाव आहे, पण आमच्याकडं नुसतं 'डोंगर' म्हटलं की तोच. अर्ध्या वाटेवर पिराचा दर्गा, त्याच्या वर जुन्या लेण्या, माथ्यावर देवीचं देऊळ आणि देवळामागं कुण्या राजाच्या काळची पडकी तटबंदी. आमच्या मामाचं गाव त्याच्या पायथ्याशी. पण पायथ्याला राहून तरी काय? बायकांनी डोंगर चढायचा तो फक्त नवरात्रात, ही तिथली रीत. देवी बायकांना नऊ दिवसच वर बोलावते, एरवी खालूनच पदर पसरायचा. पण मुलाच्या आईचाच सांगावा होता, तेव्हा देवीची माफी मागून फाल्गुनात चढायचं ठरलं.

आदल्या दिवशी गाडीनं निघालो. वडील, मी आणि गाडीवान. जिंतूरच्या अलीकडं गाडीवानानं एकदम कासरा ओढला. वडिलांचा श्वास मला ऐकू आला. पुढं रस्त्यावर काहीतरी होतं आणि ते त्या दोघांनाच दिसत होतं. मला दिसत होता नुसता मातकट रस्ता आणि त्यावर काळसर काही हलणारं. माणसं? किती? बंदुका होत्या का? विचारायची सोय नव्हती. मी पदर डोक्यावरून खाली ओढला आणि वडिलांच्या पाठीला चिकटून बसले. बैल पावला-पावलानं चालले. जवळ गेल्यावर आवाज आला, "कहाँ जा रहे?" वडील म्हणाले, "देवी के दर्शन को, साब. लडकी का नवस है." गाडीत वाकून कुणीतरी माझ्याकडं बघितलं. तंबाखूचा वास आला. मग "जाव" म्हणाले. गाडीवानानं बैल दामटले. मला मात्र भीतीपेक्षा राग जास्त आला होता. माझ्या जिवावर काय चालून येतंय हे मला सगळ्यांच्या शेवटी का कळावं?

रात्री मामाकडं उतरलो आणि मामीनं मला चुलीपुढं बसवून धडा दिला. "वर गेल्यावर काय दिसतंय आसं कुनी विचारलं तर घाबरू नको. मी सांगते तसं म्हन." आणि तिनं आरती शिकवावी तसं मला डोंगरावरचं दृश्य शिकवलं. डाव्या हाताला जिंतूर, त्यात मशिदीचे मिनार. समोर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खाली तळं, काठोकाठ भरलेलं, उन्हात पाणी चमकतं. तळ्याच्या कडेला महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ. उजव्या हाताला पडका बुरूज. मी म्हणत गेले, मामी चुकलेलं सुधारत गेली. झोपेतसुद्धा माझ्या तोंडात मिनार आणि तळं होतं.

सकाळी दर्ग्यापाशी चुडाव्याची मंडळी भेटली. मुलाची आई, मुलगा आणि मुलाची काकू. माझ्या दृष्टीनं ते तीन रंग होते. हिरवं लुगडं आई, जांभळं लुगडं काकू, पांढरं धोतर मुलगा. आवाजावरून मी आणखी पक्कं केलं. काकूचा आवाज बारीक आणि चौकस, आईचा जाड आणि सावकाश. यावेळी मी चुकले नाही. आधी हिरव्या लुगड्याच्या पाया पडले. मागं मामीच्या बांगड्या समाधानानं वाजल्या.

मुजावरानं सगळ्यांना माठातलं पाणी दिलं आणि आम्ही चढायला लागलो. खडकात खोदलेल्या पायऱ्या, झिजलेल्या, कुठं उंच कुठं बुटक्या. मी पायानं अंदाज घेत चढत होते आणि डोळे टक्क उघडे ठेवत होते. काकू माझ्या बरोबरीनं चालत होती. "त्ये पाखरू बगितलंस का?" ती मधूनच विचारायची. "बगितलं," मी म्हणायची. पाखरू होतं की नव्हतं देव जाणे. तिच्या कानावर माझं गेलेलं आहे हे मला पहिल्या दहा पायऱ्यांतच कळलं होतं.

लेण्यांत गेल्यावर मात्र मला हायसं वाटलं. दार इतकं बुटकं की वाकून शिरावं लागतं, आणि आत काळोख. काळोखात मी सगळ्यांच्या बरोबरीची झाले. मुलानं पणती लावून वर धरली. मोठमोठ्या मूर्ती होत्या, शांत बसलेल्या. इतरांनी लांबून हात जोडले. मी अगदी जवळ गेले आणि मला पायांची नखं दिसली. इतकी नीट घडवलेली, प्रत्येक नखाला वेगळी कड. मी बोट फिरवलं. मागं वळले तर पणतीच्या उजेडात मुलाचा चेहरा हाताच्या अंतरावर होता. तो मूर्तीकडं नाही, मी काय बघतेय त्याकडं बघत होता. कानाच्या पाळीला तीळ, दाढी करताना हनुवटीला लागलेलं. मला तो आवडला. सरळ सांगते, तेवढ्या एका क्षणात आवडला आणि त्यामुळं माझं भय दुप्पट झालं. आता नकार आला तर नुसता बिजवर गळ्यात पडणार नव्हता, हा हातचा जाणार होता.

देवीचं दर्शन झालं, ओटी भरली. मग काकू म्हणाली, "चला, तटावरून बगू. एवढं चढून आलो तर." आणि तिनं माझा दंड धरला.

तटाच्या पडक्या भिंतीपाशी वारा भणाणत होता. समोर मला दिसला तो पांढुरका उजेड, खाली पिवळट आणि करडे पट्टे, आणि इकडं उतारावर लाल लाल डाग. त्या डागांचं मला काही शिकवलेलं नव्हतं म्हणून मी ते सोडून दिले.

"सांग बरं पोरी," काकू मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय काय दिसायलंय?"

मी डोळे मोठे केले. "डाव्या हाताला जिंतूर," मी म्हणाले. "मशिदीचे मिनार."

"हां. आन् म्होरं?"

"म्होरं तळं. काठोकाठ भरलंय. पानी लय चमकायलंय."

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, छान जमलं. मी पुढचं म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मामीचा हात माझ्या मनगटावर पडला. वडील खाकरले आणि तेही मधेच थांबले. काय चुकलं? मी मनात मामीचा धडा पुन्हा म्हणून बघितला. डावीकडं मिनार, समोर तळं. बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. मग ही माणसं गप्प का?

"पानी?" काकू म्हणाली. तिच्या आवाजात आता लपवालपवी नव्हती. "कुठंय पानी?"

मला सोनपेठच्या त्या बिजवराच्या सुपारी कातरण्याचा आवाज यायला लागला. रडायचं नाही एवढंच मी स्वतःला बजावत होते, कारण रडले की डोळे पुसावे लागणार आणि पुसले की बारीक होणार.

तेव्हा हिरवं लुगडं माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. मुलाच्या आईनं भिंतीवर दोन्ही हात टेकले आणि समोर तोंड केलं.

"हाय की पानी," ती सावकाश म्हणाली. "काय चमकायलंय!"

"अवो बाई, कोरडं..."

"मला दिसायलंय," ती म्हणाली. काकूची थोरली जाऊ होती ती. काकूचं तोंड मिटलं, पण श्वास जोरात चालू होता. मग तिनं मुलाकडं मोर्चा वळवला. "तू बग रे. तू शिकलेला हायेस. हाय का पानी?"

मुलगा पुढं होऊन भिंतीपाशी आला. तो समोर बघत होता की आपल्या आईकडं, हे मला दिसत नव्हतं.

"आई म्हनती तर आसंल, काकू," तो म्हणाला. "ऊन वाढायलंय. उतरा आता."

उतरताना मुलाच्या आईनं सगळ्यांना पुढं घातलं. "मी पोरीचा हात धरून येते. तुमी व्हा फुडं." मामी जाता जाता माझ्या कानाशी लागली. "माय, तळ्यात टिपूस न्हाई. गुरं चरायलीत तिथं. नवरात्रात तर भरलेलं आसतं गं, मला काय ठाऊक!" आणि ती तोंडाला पदर लावून खाली गेली. आमच्या सगळ्या बायकांना डोंगर ठाऊक होता तो नवरात्रातला. फाल्गुनात तो कसा दिसतो हे त्यांच्यातल्या कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणजे सगळं संपलं होतं. ही बाई आता एकटीला गाठून मला काय ते सुनावणार आणि खाली जाऊन नकार देणार. मी तिचा हात धरून उतरत होते. हात दणकट होता आणि त्याची पकड फारच घट्ट होती. पायऱ्यांच्या कडा मला पुसट दिसत होत्या, म्हणून मी आधी अंगठा पुढं करून पायरी चाचपायची आणि मग भार टाकायची. लेण्यांच्या खाली एक पायरी निखळलेली होती. तिथं मी थांबले, अंगठा पुढं केला, आणि शेजारी बघितलं तर तिचाही अंगठा तसाच पुढं येऊन चाचपत होता.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या जवळून पहिल्यांदाच. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरलेली.

"दगड सुटलाय," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

"व्हय. आदी नव्हता सुटलेला." ती तिथंच पायरीवर बसली आणि मलाही बसवलं. "माझं माहेर त्या तळ्याच्या काठाला. लहानपनी मी ह्या डोंगरावर शेरडं राखली. ह्या पायऱ्या माझ्या पायाला ठाऊक हायत म्हनून तुमाला हितं बोलावलं. दुसरीकडं कुठं ठेचाळले आसते तर जावंला कळलं आसतं. तिला कळलं की कोठीच्या चाव्या मागंल. फाल्गुनात त्या तळ्यात म्हशीला बसायला बी पानी नसतं. तू पानी म्हनलीस आन् मला समजलं."

मी खाली मान घातली. डोळ्यांतून पाणी आलंच.

"आन् येवढा पळस फुललेला आसतो ह्या दिवसांत, त्याचं तर नाव बी न्हाई घेतलंस," ती म्हणाली. मग एकदम विचारलं, "सुईत दोरा ओवता येतो?"

"येतो."

"तांदळातला खडा?"

"लगेच दिसतो. जवळचं मला समदं दिसतं."

"मग झालं तर. लांबचं बगायला आमच्या घरात गडीमानसं लय हायत. तांदूळ निवडून भात केला तरी रोज एक खडा निगतो आन् जाऊ ताटावर बसून हासती. तू माझं सांगू नको, मी तुजं सांगत न्हाई."

दर्ग्यापाशी सगळे थांबले होते. वडील माठाजवळ उभे होते आणि त्यांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नसावं. मुलाच्या आईनं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि काकूच्या दिशेनं बघत खणखणीत आवाजात सांगितलं, "पोरगी पसंत हाय. नजर बी चांगली हाय पोरीची." वडील मटकन खाली बसले. पुढच्याच आठवड्यात गडबडीनं, वाजंत्रीशिवाय माझं लग्न झालं.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंच्या ताटात पुन्हा खडा आला नाही, आणि चाव्या त्यांच्या कमरेला शेवटपर्यंत राहिल्या. मालकांना दोघींचंही त्या दिवशीच कळलं होतं. ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही हसत हसत.

निजाम गेला. मालकांनी परभणीला नेऊन मला चष्मा करून दिला. तोवर आत्याबाईंना उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. एका फाल्गुनात त्यांनी हट्ट धरला, मला डोंगरावर ने. बायकांनी नवरात्रातच चढायचं ही रीत आम्ही एकदा मोडलीच होती. मी त्यांना हाताला धरून, पायरी पायरी सांगत वर नेलं. तटाशी त्यांनी भिंतीवर दोन्ही हात टेकले.

"काय दिसायलंय?" त्यांनी विचारलं.

मी चष्म्यातून बघितलं. किती बारीक बारीक दिसत होतं सगळं! जिंतूरचे मिनार खरंच होते. काळ्या दगडाचं देऊळ होतं. तळं तळापर्यंत आटलेलं होतं, चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि त्यातून गुरं चालली होती. आणि अलीकडच्या सगळ्या उतारावर, जिथं मी लाल डाग बघून सोडून दिले होते, तिथं पळस पेटल्यागत फुलला होता.

"तळं काठोकाठ भरलंय, आत्याबाई," मी म्हणाले. "पानी लय चमकायलंय. आन् पळस फुललाय."

त्यांनी चाचपत माझा हात शोधला.

"ह्या येळंला पळस इसरली न्हाईस," त्या म्हणाल्या.